लेनी ट्रिस्टानो : उत्स्फूर्त रचनेचे व्याकरण

१

उत्स्फूर्ततेचे शिक्षण देता येते काय? हा प्रश्न वरवर पाहता आत्मविरोधी वाटतो. जे शिकविता येते ते आधी ठरलेले असते, आणि जे आधी ठरलेले असते त्यास उत्स्फूर्त म्हणता येत नाही. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा विरोध फारसा भेडसावत नाही. मराठी बोलणारा मनुष्य दररोज अशी कितीतरी वाक्ये बोलतो की जी त्याने पूर्वी जशीच्या तशी कधीही ऐकलेली नसतात. तरीही ती मराठीच असतात, ऐकणाऱ्यास कळतात, आणि बोलणाऱ्याचा स्वभाव त्यांतून ओळखू येतो. म्हणजे नियमबद्धता आणि नवनिर्मिती या दोहोंचा संसार आपल्या जिभेवर रोज सुखाने चाललेला असतो. प्रश्न उरतो तो एवढाच की, भाषेत जे मूल नकळत साधते ते एखाद्या कलेत प्रौढ शिष्यास जाणीवपूर्वक साधून देता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या मार्गाने.

अमेरिकन जॅझ संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचा ध्यास आयुष्यभर ज्याने घेतला असा एक पियानोवादक, रचनाकार आणि शिक्षक म्हणजे लेनी ट्रिस्टानो (१९१९–१९७८). त्याच्याविषयी रूढ झालेला अभिप्राय थोडक्यात असा : तो विलक्षण बुद्धीचा पण थंड वृत्तीचा कलावंत होता, त्याच्या संगीतात गणित फार आणि जिव्हाळा थोडा, तो मैफलीपासून दूर दूर जात शेवटी आपल्या शिकवणीच्या खोलीत बंद झाला, आणि त्यामुळे त्याची कारकीर्द एका मोठ्या शक्यतेची अपुरी राहिलेली कहाणी ठरली. युनमी शिम यांचे त्याच्यावरील विस्तृत चरित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर या अभिप्रायाची धार काहीशी बोथट झाली असली, तरी तो नाहीसा झालेला नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. ट्रिस्टानोचे वादन, त्याच्या रचना आणि त्याचे अध्यापन ही तीन स्वतंत्र खाती मानून हिशेब केल्यास कारकीर्द तुटपुंजी दिसते हे खरे. पण ती तिन्ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आहेत असे मानून पाहिले, तर त्या कारकीर्दीला एक सलग अर्थ लाभतो. मात्र तो अर्थ लाभला म्हणजे तिच्यातील उणिवा मिटतात असे नव्हे. किंबहुना त्या अधिक स्पष्ट दिसू लागतात. प्रस्तुत लेखक संगीतशास्त्राचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा पुढील विवेचन त्या मर्यादेतच वाचले जावे.

२

चरित्राचा तपशील येथे लागतो तेवढाच सांगतो. ट्रिस्टानोचा जन्म १९ मार्च १९१९ रोजी शिकागो येथे एका इटालियन कुटुंबात झाला. दृष्टी जन्मतःच अधू होती, आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ती पूर्णपणे गेली. त्याचे शालेय शिक्षण इलिनॉय राज्याच्या जॅक्सनव्हिल येथील अंधशाळेत झाले. तेथे पियानोबरोबर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, चेलो अशी अनेक वाद्ये त्याने हाताळली. पुढे शिकागोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्यूझिक या संस्थेतून त्याने संगीताची पदवी घेतली. म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रोक्त संगीताचे रीतसर शिक्षण त्याच्या पाठीशी होते. १९४३ च्या सुमारास, वयाच्या विशीतच, तो शिकागोत शिकवू लागला. त्या वेळच्या शिष्यांत लहानखुरा, पंधरा-सोळा वर्षांचा एक सॅक्सोफोनवादक होता. त्याचे नाव ली कोनित्झ.

१९४६ मध्ये ट्रिस्टानो न्यूयॉर्कला आला. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी घडविलेली नवी जॅझ शैली त्या वेळी ऐन भरात होती. पुढच्याच वर्षी ‘मेट्रोनोम’ या नियतकालिकाने ट्रिस्टानोला त्या वर्षाचा संगीतकार म्हणून गौरविले, आणि त्याच नियतकालिकात त्याने नव्या शैलीचे गुणदोष सांगणारे लेखही लिहिले. गिटारवादक बिली बावर, सॅक्सोफोनवादक कोनित्झ आणि वॉर्न मार्श, बासवादक आर्नल्ड फिशकिन ही मंडळी त्याच्याभोवती जमली. १९५१ मध्ये मॅनहॅटनमधील पूर्व बत्तिसाव्या रस्त्यावर ३१७ क्रमांकाच्या घरात त्याने स्वतःचा स्टुडिओ उघडला. शिकवणी तेथेच, वादन तेथेच, ध्वनिमुद्रणही तेथेच. जॅझचा शिक्षक म्हणजे वाद्यवृंदातला वडीलधारा सहकारी, ही समजूत ज्या काळात रूढ होती, त्या काळात निव्वळ उत्स्फूर्त वादन शिकविण्यासाठी नियमित चालविलेली अशी जागा ही अपूर्व गोष्ट होती. पुढे हा स्टुडिओ सुटला, आणि क्वीन्समधील घरी शिकवणी सुरू झाली; ती १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याचे निधन होईपर्यंत चालू राहिली. जाहीर मैफली मात्र १९६८ नंतर जवळजवळ थांबल्याच होत्या.

३

आता त्याच्या अध्यापनपद्धतीकडे वळू. त्याच्या शिष्यांनी वेळोवेळी जे सांगितले आहे त्यातून पद्धतीचा सांगाडा स्पष्टपणे उभा करता येतो. शिष्याने प्रथम लुई आर्मस्ट्राँग, लेस्टर यंग, रॉय एल्ड्रिज, चार्ली ख्रिश्चन, चार्ली पार्कर यांसारख्या श्रेष्ठ वादकांची उत्स्फूर्त वादने ध्वनिमुद्रिकांवरून ऐकावयाची. ती पुनःपुन्हा ऐकून गळ्याने गावयाची. ध्वनिमुद्रिकेबरोबर गाता गाता स्वर, काल, आघात आणि श्वास यांत अंतर उरले नाही म्हणजे मगच वाद्य हाती घ्यावयाचे. याच्या जोडीला सर्व स्वरश्रेणींचा संथ लयीत अभ्यास, स्वरसंघात कानाने ओळखण्याचा अभ्यास, आणि मूळ गीताची चाल साधेपणाने वाजविण्याचा अभ्यास. वेगाला घाई नाही. बोटांना जे आयते वळण पडलेले असते त्याच्यावर विश्वास नाही. मनात जे ऐकू आले नाही ते हाताने वाजवू नये, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र म्हणता येईल.

या पद्धतीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे गाण्याचा आग्रह. कागदावरील स्वरलेखन स्वराची उंची आणि त्याचा काल सांगते. परंतु स्वर किंचित उशिरा का पडला, कोणता स्वर अर्धवट गिळला गेला, वाक्याच्या अखेरीस आवाज कसा खाली बसला, हे ते सांगू शकत नाही. लिपी आणि बोली यांतील अंतराचा हाच प्रकार होय. ‘बरं’ हा मराठी शब्द लिहिताना एकच असतो. पण तो संमतीने, संशयाने, कंटाळ्याने अथवा धमकीने उच्चारला जातो, आणि हे चारही अर्थ लिपीच्या बाहेर राहतात. लेस्टर यंगच्या वादनाचा मोठा भाग असाच लिपीबाहेरचा आहे. तो गळ्यातूनच शिकावा लागतो. ज्याला तो गाता आला, त्याने यंगचे स्वर तर आत्मसात केलेच, शिवाय त्याची बोलण्याची ढबही घेतली.

आपल्याकडील वाचकास येथे घराणेदार तालमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. गुरूने म्हणावे, शिष्याने मागून म्हणावे, आणि वर्षानुवर्षे असे होता होता उपज फुटावी, हा क्रम वरवर पाहता सारखाच दिसतो. परंतु या दोहोंतील भेद अधिक बोधप्रद आहे. तालमीत नमुना गुरूच्याच गळ्यातून येतो. ट्रिस्टानोच्या खोलीत नमुना ध्वनिमुद्रिकेतून येतो, आणि गुरू तो शिष्याच्या तोंडून ऐकतो. शिष्यापुढे आदर्श म्हणून मुख्यतः इतरांची वादने ठेवली जातात. गुरूचे स्वतःचे वादन ठेवले जात नाही. गुरूचे काम कानाचे आहे.

ही व्यवस्था इतिहासातील एका ठरावीक क्षणीच शक्य होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जॅझच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९१७ च्या. आर्मस्ट्राँगची युगप्रवर्तक मुद्रणे १९२५ नंतरची, आणि लेस्टर यंगची पहिली मुद्रणे १९३६ ची. जे एकदाच घडावयाचे आणि हवेत विरून जावयाचे, ते आता तबकडीवर स्थिर झाले होते आणि शंभर वेळा ऐकता येत होते. उत्स्फूर्त उद्गाराला प्रथमच संहितेचे स्वरूप आले. ट्रिस्टानो शिकवू लागला तेव्हा अशा संहितांचा दोन दशकांचा संग्रह तयार होता. या संग्रहाचा अभ्यासक्रम होऊ शकतो हे ज्यांनी आरंभीच ओळखले, त्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या अंधत्वातून ही श्रवणप्रधान पद्धत निघाली असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याचे बहुतेक शिष्य डोळस होते, त्यांना स्वरलेखन येत होते, आणि तरीही पद्धत त्यांना उपकारक झाली. तेव्हा तिचे समर्थन पद्धतीतच शोधले पाहिजे. शिक्षकाच्या व्यंगाशी तिची सांगड घालून भागणार नाही.

४

रचनाकार म्हणून ट्रिस्टानोचे कार्य या अध्यापनाशी कसे जोडलेले आहे, ते पाहू. त्या पिढीच्या जॅझवादकांत एक प्रथा होती : एखाद्या लोकप्रिय गीतातील स्वरसंघातांचा क्रम तसाच ठेवावयाचा आणि त्यावर संपूर्ण नवी चाल बांधावयाची. जणू वृत्त जुने आणि कविता नवी. ट्रिस्टानो आणि त्याच्या शिष्यांच्या बहुतेक रचना या जातीच्या आहेत. कोल पोर्टरच्या १९२९ मधील एका गीताच्या पायावर कोनित्झने रचलेली ‘सबकॉन्शस-ली’ जानेवारी १९४९ मध्ये मुद्रित झाली. तिच्या नावात ‘नेणिवेतून’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर आणि स्वतःच्या नावावर कोनित्झने साधलेला श्लेष आहे. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ हे प्रसन्न गीत घेऊन ट्रिस्टानोने कोमल गांधाराच्या श्रेणीत ‘लेनीज पेनीज’ रचली, तेव्हा त्या गीताचा सारा स्वभावच पालटला.

या रचनांचे वैशिष्ट्य आघातांच्या मांडणीत आहे. मूळ गीत चार चार मात्रांच्या खंडांत चालते, आणि त्याची वाक्ये खंडाच्या सीमेवर विसावतात. ट्रिस्टानोची वाक्ये तेथे विसावत नाहीत. तीन, पाच, सात मात्रांचे गट चारांच्या चौकटीवरून वाहत जातात. ऐकणाऱ्याची ‘सम’ चुकते, आणि रचनाकाराची मात्र चुकत नाही. वृत्तबद्ध कवितेत यतिस्थानी वाक्य न थांबता पुढच्या चरणात उतरते तेव्हा वृत्त आणि वाक्य यांत जो ताण निर्माण होतो, तसा हा ताण आहे. मार्च १९४९ मध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी मुद्रित झालेल्या ‘वाव’ आणि ‘क्रॉसकरंट’ या रचनांत दोन सॅक्सोफोन, गिटार आणि पियानो या वाटेने एका जिवाने धावतात, तेव्हा सामूहिक पाठांतराची ती एक कसोटीच वाटते.

या रचना शिकविण्याचीच साधने होत्या. शिष्याने आपल्या मनातील उत्स्फूर्त वादन एकदा स्वस्थपणे रचून पाहावे, त्यातील प्रत्येक स्वराचा जाब द्यावा, आणि मग ते वाजवावे, असा हा प्रकार आहे. आपण विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतो ते त्याने पुढे भाषण करावे म्हणून नव्हे. तरीही लिहिण्याने बोलणे सुधारते. दोहोंचा संबंध साधारण असाच आहे.

५

पण व्याकरण किती ढिले करता येते? १६ मे १९४९ रोजी ट्रिस्टानोने या प्रश्नाची परीक्षा घेतली. कॅपिटॉलच्याच मुद्रणासत्रात त्याने कोनित्झ, मार्श, बावर आणि फिशकिन यांच्यासह दोन तुकडे वाजविले : ‘इंट्यूइशन’ आणि ‘डायग्रेशन’. त्यांत ठरलेली चाल नाही, ठरलेले स्वरसंघात नाहीत, स्वरश्रेणी नाही, ताल नाही, ड्रम नाहीत. कोणी कोणत्या क्रमाने आणि केव्हा प्रवेश करावयाचा, एवढेच काय ते ठरले होते. कंपनीने हे मुद्रण प्रसिद्ध करण्यास टाळाटाळ केली. एक तुकडा पुढे निघाला, तर दुसऱ्याला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली. मुक्त जॅझ म्हणून जो प्रवाह १९६० च्या आसपास ऑर्नेट कोलमन याच्या नावाने गाजला, त्याच्या दहा वर्षे आधीची ही घटना आहे.

इतिहासकार येथे ‘पहिला कोण’ हा वाद घालतात. तो वाद मला गौण वाटतो. महत्त्वाचे हे की, हे तुकडे ऐकताना गोंधळ ऐकू येत नाही. एक आवाज काही म्हणतो, दुसरा ते अर्ध्यावरून उचलतो, तिसरा त्याला छेद देतो, आणि सर्व मिळून एका विसाव्यापाशी येतात. नियम सांगितलेले नाहीत, पण ते पाळले जात आहेत. कारण ही माणसे एकाच खोलीत, त्याच ध्वनिमुद्रिका गात, वर्षानुवर्षे बसली होती. त्यांची एक बोली तयार झाली होती. बोली सामाईक असली म्हणजे विषय न ठरविताही संभाषण रंगते, आणि ती सामाईक नसली म्हणजे विषयपत्रिका छापूनही सभा फसते. ‘इंट्यूइशन’ या शब्दाचा अर्थ अंतःप्रेरणा असा असला, तरी ही प्रेरणा कमावलेली होती. अध्यापनाचे फळ म्हणून या तुकड्यांकडे पाहिले, तर ट्रिस्टानोच्या सर्व कारकीर्दीत त्यांहून बोलका पुरावा नाही.

६

यानंतर वादाचा विषय येतो. अटलांटिक कंपनीने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रिस्टानोच्या तबकडीवर ‘लाइन अप’ नावाचा तुकडा आहे. तो १९३१ मधील ‘ऑल ऑफ मी’ या गीताच्या स्वरसंघातांवर आधारलेला आहे; पण गीताची चाल त्यात एकदाही येत नाही. पहिल्या क्षणापासून पियानोची एकच सलग ओळ, बव्हंशी उजव्या हाताची, खालच्या आणि मधल्या पट्टीत, विलक्षण वेगाने धावत सुटते. लोकांनी वाखाणले; आणि मग बातमी फुटली की बास व ड्रम यांचे मुद्रण आधी झालेले होते, त्याची ध्वनिफीत संथ चालवून ट्रिस्टानोने त्यावर पियानो वाजविला, आणि मग फितीचा वेग वाढविला. फितीचा वेग दुप्पट केला म्हणजे स्वर एक सप्तक वर चढतो. पियानोचा तो कोरडा, धातूसारखा नाद त्यातूनच आला. टीकाकार संतापले. ही फसवणूक आहे, हे उत्स्फूर्त वादनच नव्हे, असे म्हटले गेले. १९६२ मध्ये ‘द न्यू ट्रिस्टानो’ ही एकट्या पियानोची तबकडी निघाली, तेव्हा फितीशी कोणतीही कारागिरी केलेली नाही असे वेष्टनावर मुद्दाम छापावे लागले.

या आरोपाचा विचार सावधपणे केला पाहिजे. त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पहिला हातांच्या कौशल्याचा : हा मनुष्य खरोखर इतक्या वेगाने वाजवू शकत होता काय? त्याचे उत्तर १९६२ च्या तबकडीने दिले. तिच्यातील ‘सी मायनर कॉम्प्लेक्स’ ऐकल्यावर डाव्या हाताची अखंड चालणारी बासाची ओळ आणि उजव्या हाताची तिच्यावरून झेपावणारी वाक्ये पाहता शंकेस जागा उरत नाही. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे : मंद गतीने सुचलेले वाक्य द्रुत गतीने ऐकविले, तर ते ‘त्या क्षणी सुचलेले’ राहते काय?

माझे मत असे की ते राहते, पण त्याची जात बदलते. विचार करण्यास दुप्पट अवधी मिळालेला वक्ता हा बोलत आणि लिहीत यांच्या सीमेवर उभा असतो. ‘लाइन अप’ मधील वाक्यांची लांबी, त्यांची गुंफण, मूळ गीताच्या स्वरसंघातांपासून दूर जाऊन नेमक्या जागी परतणे, यांत लेखनाची घनता आहे. ट्रिस्टानोने हे कशासाठी केले असेल ते त्याच्या अध्यापनाकडे पाहिले म्हणजे उमगते. हातांच्या सवयींना बाजूला सारून मनातला स्वर शुद्ध स्वरूपात ऐकता यावा, म्हणून तो शिष्यांना संथ लयीत वाजवावयास लावी. तेच त्याने येथे स्वतःला लावले, एवढेच. तथापि हे करताना श्रोत्यास आधी सांगितले नाही, ही चूकच झाली. शिष्यास जे साधन म्हणून देतात ते श्रोत्यापुढे सिद्धी म्हणून ठेवावयाचे नसते. टीकाकारांचा संताप अवास्तव होता, पण निराधार नव्हता.

त्याच तबकडीवर ‘रिक्वीम’ आहे. चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ रोजी वारला. त्याच्या स्मरणार्थ केलेली ही रचना. आरंभ गंभीर, जवळजवळ युरोपीय शोकगीतासारखा. आणि मग ती ब्लूजमध्ये उतरते. ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाचे सर्वांत जुने आणि सर्वांत साधे वृत्त. येथेही मुद्रणावर मुद्रण चढविलेले आहे, पण ते कोणाला खटकत नाही, कारण ऐकणाऱ्याचे लक्ष तेथे जातच नाही. ट्रिस्टानो भावना आणि भावनाप्रदर्शन यांत भेद करीत असे. दुसऱ्याचा त्यास तिटकारा होता. ‘रिक्वीम’ ऐकल्यानंतर हा भेद केवळ शाब्दिक नव्हता याची खात्री पटते, आणि ‘थंड’ हे विशेषण टीकाकारांनी एकदा पुन्हा तपासावे असे वाटते. पार्कर आणि ट्रिस्टानो यांच्या परस्पर आदराचा एक घरगुती पुरावाही उपलब्ध आहे. १९५१ मध्ये दोघांनी खासगीत वाजविले त्याचे मुद्रण आहे. ड्रमवादक केनी क्लार्क तेथे टेलिफोनच्या डिरेक्टरीवर ब्रश चालवीत आहे, आणि गीतांपैकी एक तेच, ‘ऑल ऑफ मी’.

७

आता उणिवांकडे येतो. पहिली उणीव तालाची. ट्रिस्टानोला बास आणि ड्रम यांच्याकडून अखंड, सम आणि अलिप्त असा काल हवा असे. वरच्या ओळीतील आघातांचा खेळ स्पष्ट दिसावा हा त्याचा हेतू. पण जॅझमधील ड्रमवादक हा बोलणाऱ्यांपैकी एक असतो. त्यास घड्याळ केले म्हणजे संभाषणातील एक तोंड बंद होते. ही मागणी त्याच्या विचाराचा अपरिहार्य भाग होती काय? तशी नव्हती, याचा पुरावा त्याच्याच शिष्याने दिला. ऑगस्ट १९६१ मध्ये कोनित्झने ‘मोशन’ ही तबकडी मुद्रित केली. बासवर ट्रिस्टानोच्या वर्तुळातील सनी डॅलस, पण ड्रमवर एल्विन जोन्स : त्या काळातील सर्वांत मुखर, सर्वांत उसळता ड्रमवादक. कोनित्झची लांब, तिरकस वाक्ये जोन्सच्या लाटांवर बुडत नाहीत. उलट त्यांना पाठबळ मिळते. गुरूने जे नको म्हटले होते ते स्वीकारून शिष्याने गुरूचाच विचार अधिक सबळ करून दाखविला.

दुसरी उणीव वर्तुळाची. ट्रिस्टानोचे आदर्श बहुतांशी कृष्णवर्णीय वादक होते, पण त्याच्याभोवती जमलेले बहुतेक वादक श्वेतवर्णीय होते. नृत्यगृह, चर्च आणि प्रवासी वाद्यवृंद या ज्या समाजसंस्थांत ही संगीतभाषा जन्मली आणि बोलली गेली, त्यांच्याशी त्याच्या खोलीचा संबंध तबकडीमार्फतच येई. संहितेवरून शिकलेली भाषा शुद्ध असते. पण ज्या बाजारात ती रोज बदलते तेथून ती दूर पडते. संस्कृत पाठशाळांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास हे अधिक सांगावयास नको. मैफलींतून निवृत्त होण्याचा निर्णय ट्रिस्टानोच्या सचोटीचा द्योतक असेल. पण त्याने ही दरी वाढविली, हे नाकारता येत नाही.

तिसरा आक्षेप असा घेतला जातो की, त्याचे शिष्य एकमेकांसारखे वाजवितात. हा आक्षेप मात्र कानांनी तपासून पाहिल्यास टिकत नाही. कोनित्झ आणि मार्श या दोघांचाही जन्म ऑक्टोबर १९२७ चा. गुरू एक, पाठ एक, गीते एक, १९४९ च्या मुद्रणांत वाक्येही एकच. तरीही कोनित्झ वाक्य आटवीत आटवीत नेतो, शब्द निवडून टाकतो, मौनाला जागा देतो. मार्श वाक्य वाढवीत, वळवीत, उपवाक्यात उपवाक्य घालीत नेतो आणि ते संपेल की नाही अशी धास्ती वाटत असतानाच संपवितो. कोनित्झ १९५२ मध्ये स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात गेला आणि पुढे त्याची वाट स्वतंत्र झाली; १९८७ मध्ये मार्श लॉस एंजेलिस येथे रंगमंचावर वाजवीत असताना वारला; कोनित्झ २०२० पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत त्याच मोजक्या जुन्या गीतांवर नवे काही म्हणत राहिला. गायिका शीला जॉर्डन, पियानोवादक सॅल मोस्का आणि कॉनी क्रॉदर्स हे आणखी तीन शिष्य घेतले, तर साम्याचा आक्षेप अधिकच दुबळा ठरतो. सारखेपणा आहे तो बोलीचा आहे, उद्गारांचा नाही.

८

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. उत्स्फूर्त रचना शिकविता येत नाही, पण ती ज्या भाषेत होते ती भाषा शिकविता येते. आणि ती नियमांच्या यादीतून न देता श्रेष्ठ वक्त्यांच्या संपूर्ण उद्गारांतून, त्यांच्या श्वासासकट, शिष्याच्या गळ्यात उतरवावी लागते. ट्रिस्टानोच्या अध्यापनाचा निष्कर्ष मला एवढाच दिसतो. तो साधा आहे, पण स्वस्त नाही. त्यासाठी शिक्षकाने आपला स्वतःचा आवाज वर्गातून बराचसा काढून घ्यावा लागतो, आणि शिष्याची अडखळ ऐकत वर्षे काढावी लागतात. हयातीत अटलांटिकच्या दोन तबकड्या, काही विखुरलेली मुद्रणे आणि एक बंद होत गेलेले मैफलीचे दार, हा त्या खर्चाचा एक भाग होय.

आज जॅझ हा विषय अमेरिकेतील अनेक विद्यापीठांतून शिकविला जातो. प्रत्येक स्वरसंघाताला कोणती स्वरश्रेणी चालते याची कोष्टके छापली जातात, आणि विद्यार्थी ती अस्खलित वाजवितात. आपल्या भाषावर्गांतूनही कोष्टके पाठ होतात आणि बोली मुकी राहते, हा अनुभव अध्यापकवर्गास नवा नाही. अशा वेळी, कोष्टके पुरती जाणणाऱ्या एका पदवीधराने ती बाजूला ठेवून शिष्यास प्रथम गावयास सांगितले, ही गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या कारकीर्दीस अपुरी म्हणावयाचे असेल तर म्हणावे. परंतु कोनित्झचे एखादे वाक्य ऐकताना ते कोठे शिकले गेले आणि कोठे सुचले, ही सीमा ज्यास दाखविता येत नाही, त्याने ते विशेषण जपून वापरावे.